खारकीचा वाटा

हवालदारीण डोळ्याचं ऑपरेशन करून घरी आली, ती एका डोळ्यावर पट्टी आणि जिभेवर नेहमीची धार घेऊनच. हवालदारीण हे नाव गल्लीनं तिच्या पाठीमागे ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाडीतून उतरताना सुनेनं हात पुढे केला, तर म्हणाली, “डोळा कापलाय माझा, पाय नाहीत कापले.”

“आई, आधी आत येऊन टेक तरी,” मुलगा म्हणाला.

“टेकून टेकून पाठीला पलंगाची जाळी उमटलीय. बाजूला हो.”

ती सरळ मागच्या तबेल्यात गेली. मुलगा आणि सून दोघंही मागोमाग आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. 

आत काजळ घोडी एकटीच होती. घोडागाडीच्या दांडीला ती कायम डाव्या बाजूला जुंपलेली आणि खारीक उजव्या. तबेल्यातही तशाच उभ्या राहायच्या, एकाच लांब गव्हाणीवर तोंडं घालून. आताही काजळ डाव्या भिंतीला चिकटून उभी होती. उजवीकडची जागा झाडून लख्ख केलेली. गव्हाणीतली चंदी डावीकडची तेवढी खाल्लेली होती. उजवीकडे दाण्यांचा ढीग जसाच्या तसा, जणू मधे कुणी रेघ मारून ठेवलीय.

“खारीक कुठंय?”

मुलगा चपलेकडे बघत राहिला. “पोटात कळ आली गं तिला. तुला ऑपरेशनला आत नेलं त्याच दिवशी. डॉक्टर आले, सुया दिल्या, आम्ही दोघं आळीपाळीनं फिरवत होतो. बसू दिलं नाही. शेवटी आमच्या हातातून बसलीच, ती उठली नाही.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही.”

“डोळ्याच्या डॉक्टरांनीच बजावलं होतं आई,” सून म्हणाली, “अजिबात रडायचं नाही म्हणून.”

“मी रडते असं कुणी सांगितलं तुला? लग्न होऊन आल्यापासून एकदा तरी बघितलंस?”

सुनेनं खरंच बघितलं नव्हतं.

म्हातारीनं काजळच्या मानेवर हात ठेवला. मान होती, पण तिच्यावरचं मांस कुठं गेलं होतं? बरगड्या हातानं मोजता येत होत्या. “हिला खारीक दाखवली का?” तिनं विचारलं.

मुलानं सुनेकडे बघितलं, तेव्हा उत्तर कळलंच. या घरात सासऱ्यांच्या काळापासून एक रीत होती. जोडीतलं एक जनावर गेलं की दुसऱ्याला त्याच्यापाशी न्यायचं, दोर सोडून द्यायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं. ते हुंगतं, फुरफुरतं, खुरानं माती उकरतं. आपणहून वळलं की मगच मेलेलं जनावर उचलायचं. माणसाला सांगून कळतं, त्यांना नाकानं कळतं.

“उचलायला आलेला गाडीवाला घाई करत होता,” मुलगा म्हणाला. “ही बिथरेल म्हणून मीच तिला बाहेर फिरवायला नेली. परत आलो तोवर उचललं होतं.”

“वा! म्हणजे आम्हा दोघींना एकाच मापानं मोजलंत.”

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणाची तरी घोडागाडी खडखडली. काजळनं झटकन मान वर केली आणि खिंकाळली. मग कान टवकारून थांबली. ते खिंकाळणं एक वेळ सोसलं असतं, पण ते वाट बघत थांबणं म्हातारीला सोसवेना.

“दिवसभर असंच चाललंय,” मुलगा हळूच म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, अर्ध्या पोटी अशीच राहिली तर हीसुद्धा जाईल.”

“खारकीचा गळपट्टा आण.”

सुनेचा चेहरा पांढरा पडला. “धुतला आई. साबणानं. झूलही धुतली. खालचं गवत जाळलं. तुम्हाला बघून त्रास नको म्हणून...”

“एवढी स्वच्छता कधी स्वयंपाकघरात दाखवली असतीस तर...” म्हातारीनं सुरुवात तर जोरात केली, पण तिची नजर सुनेच्या हातांवर गेली. घासून घासून लाल झालेले, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या. पुढचं वाक्य तिनं गिळलं. असं तिच्या आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

मग तिला खरारा आठवला. दाराआड उंच खिळ्यावर टांगलेला, खारकीचं अंग घासायचा खरारा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा तिचाच हुकूम होता. ती तो धड साफ करत नाही म्हणून नवरा जन्मभर तिला बोलत आला होता. तिनं टाचा उंचावून तो काढला. दातांमध्ये तांबूस केसांचा गुंता, जरा तेलकट, जरा धुळकट. एका डोळ्यानंही तिला नीट दिसला.

तिनं तो काजळपुढे धरला.

काजळनं आधी नुसता श्वास सोडला. मग नाकपुड्या फुलल्या, वरचा ओठ लोखंडावरून फिरला. घशातल्या घशात ती हुंकारली, खारीक बाहेरून आली की हुंकारायची तशी. म्हातारीनं खरारा उजवीकडे गव्हाणीच्या कडेवर ठेवला, दोर सोडला आणि पाठ फिरवली.

“तोंड तिकडं करा,” ती दारातल्या दोघांना म्हणाली. “आपण बघायचं नसतं.”

बराच वेळ नुसतं हुंगणं. एकदा खूर आपटला. मग काहीच नाही. रस्त्यावरून आणखी एक गाडी खडखडत गेली. तिघंही कान देऊन उभी राहिली. काजळ खिंकाळली नाही.

थोड्या वेळानं फरशीवर टापा वाजल्या. एक, दुसरी, उजवीकडे. आणि गव्हाणीच्या उजव्या टोकाकडून दाणे चावल्याचा आवाज यायला लागला.

“आई, खातेय!” मुलानं न राहवून मागे बघितलं. “अगं, तो सगळा ढीग खातेय! वळून बघ ना!”

म्हातारी वळली नाही. हेच तर हवं होतं तिला. पण खारकीसाठी कुणी काही राखून ठेवलं होतं ते तेवढंच, आणि आता तेही संपत होतं.

सून पुढे झाली आणि घाबरून म्हणाली, “आई, नका ना. डोळा जाईल तुमचा.”

“ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालंय,” म्हातारी म्हणाली. “हा डावा आहे. याला कुणी काही सांगितलेलं नाही.”

सुनेनं आपल्या चिरा पडलेल्या हातानं तिचा डावा गाल पुसला. म्हातारीनं तो हात झटकला नाही. पाठीमागे दाणे चावल्याचा आवाज चालूच होता.