पालथी खुर्ची

खुर्ची सुलटी कशी दिसते हे आमच्या मेहुण्याला फारसं ठाऊक नाही. खुर्ची, टेबल, कपाट, काहीही दाखवा, तो आधी ते पालथं घालतो, शेजारी गुडघे टेकतो आणि डोकं आत खुपसून बोटाच्या पेराने ठोकू लागतो. म्हणून घरातले सगळे त्याला ठोकराव म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्याला तो किताब वाटतो. ‘माणूस संकटात कळतो आणि फर्निचर पालथं घातल्यावर,’ हे त्याचं आवडतं वाक्य. ते इतक्यांदा ऐकलंय की पहिला शब्द आला की मी उरलेल्यांसाठी मान हलवून ठेवतो.

नोकरीभर तो एका कारखान्यात मालतपासणीच्या खात्यात होता. बाकीच्यांनी माल बनवायचा आणि याने त्याला नावं ठेवायची, वर महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. असं सुख फार थोड्यांच्या नशिबी असतं. निवृत्त झाल्यावर नाकारायला काही उरलं नाही, तेव्हा तो नातेवाइकांबरोबर खरेदीला जाऊ लागला.

आमच्या बाहेरच्या खोलीतला सोफा त्यानेच पसंत केलेला. सोफा मजबूत आहे, त्याबद्दल वाद नाही. उद्या घर पडलं तरी सोफा उभा राहील. फक्त तो बुटका आहे आणि खोल आहे. त्यात माणूस बसत नाही, बुडतो. पाहुणे येतात, टेकतात, आणि निघायची वेळ झाली की आधी कोण उठून दाखवतो म्हणून एकमेकांकडे बघतात. आमच्याकडे लोक फार वेळ रमतात याचं श्रेय बायको आपल्या चहाला द्यायची. मी कधी खुलासा केला नाही.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि सोफ्याने तिलाही पाहुण्यांत जमा केलं.

इथे एक सांगायला हवं. बायको शाळेत कवायत शिकवायची. एका शिट्टीत अख्खं मैदान ताठ उभं करायची; चुकून तिथे आलेले मुख्याध्यापकसुद्धा टाचा जुळवायचे म्हणतात. ती बाई आता सोफ्यात रुतून, आत कुठेतरी असलेल्या माझ्या दिशेने तोंड करून, “अहो, हात,” म्हणू लागली. हात द्यायला माझी ना नव्हती. पण मागताना तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि तो आवाज मी आमच्या सबंध संसारात ऐकला नव्हता. पुढेपुढे तर तिने मागणंच कमी केलं. तहान लागली तरी गप्प बसायची. एकदा मी किल्ली विसरून बाहेर गेलो आणि परत आल्यावर घंटा वाजवली. आतून “आले, आले,” असा आवाज येत राहिला आणि ती काही येईना. शेवटी तो आवाज थांबला. मी दाराबाहेर आणि ती सोफ्यात, दोघंही आपापल्या जागी अडकलेले. शेजारणीने तिच्याकडची किल्ली आणून दार उघडलं.

डॉक्टर म्हणाले, उंच बैठकीची, टणक, हातांची खुर्ची घ्या.

“मला एकच खुर्ची हवी,” बायको म्हणाली. “कुणाला हाक न मारता जिच्यातून उठता येईल अशी. मग ती हिरवी असो नाहीतर जांभळी.”

मी लगेच पायात चपला सरकवल्या. पण बायकोने स्वतःच्या चपला सरकवता सरकवता भावाला फोन लावला. मी डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी नको म्हणून सांगत होतो. फोन ठेवून ती म्हणाली की त्याला न विचारता आणली तर वाईट वाटेल हो त्याला, हल्ली त्याला कोण काय विचारतं. हे खरं होतं. खोट्याशी भांडता तरी येतं.

त्यानंतर आम्ही खुर्च्या बघायला लागलो. बघायला म्हणजे खुर्च्यांचे तळ बघायला. पहिल्या दुकानात ठोकरावांनी शिसवी वाटणाऱ्या एका खुर्चीच्या बुडाला नख लावून दाखवलं की हा नुसता कागद आहे, वर लाकडाचं चित्र आहे. दुसरीकडे पाय स्क्रूने नव्हे तर पिनांनी मारलेले निघाले. एका खुर्चीचा वास घेऊन ते म्हणाले, गोंद ताजा आहे. एका खुर्चीला काहीच दोष नव्हता, पण विकणारा फार हसत होता. एके ठिकाणी त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. ते कशासाठी हे मला कळलं नाही, त्या विक्रेत्यालाही कळलं नाही, आणि दोघांच्या चेहऱ्यावरचं अज्ञान बघून ठोकरावांना जे समाधान झालं ते पेन्शनीत नसावं.

या सगळ्या दुकानांत बायको उभी असायची. तिला कुणी बसायला सांगत नसे, कारण बसायच्या सगळ्या वस्तू पालथ्या असायच्या.

मी एकदोनदा म्हणून पाहिलं की तिला जरा बसून बघू दे. त्यावर ठोकराव माझ्याकडे कनवाळूपणे बघत म्हणाले, “भाऊजी, बसणं ही शेवटची पायरी. आधी माल पास व्हायला हवा.” ताई तोवर उभी राहून पास होते आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. मी मूग गिळले. त्या महिन्यात इतके मूग गिळले की पोटात शेत झालं असेल.

आणि मग कोपऱ्यावरचं ते दुकान. आमच्या घरापासून इतकं जवळ की ठोकरावांनी आधी ते विचारातच घेतलं नव्हतं. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा डोक्यावर, दुसरा चष्मा गळ्यात, आणि तरी किमतीची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचायच्या. ठोकराव आत शिरताच वाटेतल्या एका कपाटाने त्यांना अडवलं. कपाट घ्यायचं नव्हतं. पण कपाटाची पाठ भिंतीकडे होती, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी असणारच. ते मागे शिरले.

तेवढ्यात बायकोचे पाय भरून आले आणि ती जवळच्या खुर्चीत टेकली. तपकिरी रंगाची, सरळ पाठीची, रुंद हातांची साधी खुर्ची. दुकानवाल्या बाईंनी काहीतरी विचारलं, बायकोला नीट ऐकू आलं नाही, म्हणून ती उठून दोन पावलं पुढे गेली.

उठून. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मग ती मागे आली, पुन्हा बसली, तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि पुन्हा उठली. मग पुन्हा. शाळेत मुलांकडून करून घ्यायची तशी, मनात आकडे मोजत.

“बघितलंत ना?” ती हळूच म्हणाली.

मी खिशात हात घातला होता. खरंच घातला होता. पण कपाटामागून एक शिंक आली आणि तिच्या पाठोपाठ ठोकराव आले.

“ताई, ऊठ. बघू दे.”

खुर्ची पालथी झाली. सांधे बघितले, पाय ठोकले, पुढचा एक पाय उचलून दुसरा बरोबर उठतो का ते बघितलं, बैठकीखाली बोट फिरवून बोट चाटल्यासारखं केलं. मग दोन्ही हातांनी पाठ धरून खुर्ची तिरकी रेटली, पुढे-मागे, पुढे-मागे. आवाज नाही. ठोकरावांचा चेहरा उतरला.

“दोष सापडत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे आत खोल असणार.”

मी म्हणालो की नसेलही. ते म्हणाले, असं मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी म्हणायचो. लाकूड दिवसागणिक बदलतं, आज दिसणार नाही, पुढच्या आठवड्यात बघू. मी बायकोकडे बघितलं. भावाचा तो उतरलेला चेहरा बघून तिचा जीव आधीच पातळ झाला होता. आठवडाच तर आहे, म्हणाली. सोफ्यात आठवडा केवढा असतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात ठोकरावांनी खुर्ची पुन्हा रेटली, जरा जोरात. काही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक गुडघा बैठकीवर रोवून, दोन्ही हातांनी पाठ पिळून रेटली. साप साप म्हणून भुई धोपटावी तसं चाललं होतं. फरक इतकाच की इथे भुई आम्हाला विकत घ्यायची होती. दुकानवाल्या बाई डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन बघत राहिल्या. दरम्यान घरी रोज तीच बारीक हाक येत होती, “अहो, हात.” मी हात देत होतो आणि त्याच हाताने दाराचा कोपरा, टेबलाची कड, जे सापडेल ते आवळत होतो.

चौथ्या खेपेला खुर्ची बोलली. पाठ आणि बैठक जुळतात तिथे ‘टक’ झालं. ठोकरावांनी पुन्हा रेटली. ‘टक’. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मला वाटलं, याला निवृत्त करून कारखान्याने मोठं पाप केलं.

“सांगितलं नव्हतं?” ते बायकोकडे वळले. “सांधा कच्चा आहे. घेतली असतीस तर आता घरात खिळखिळी झाली असती. नापास.”

दुकानवाल्या बाई उठून आल्या. त्यांनी बोटाने तो सांधा हलवून बघितला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “महिनाभर या खुर्चीत माणसं बसून गेली. एक जाड गृहस्थ तर जेवणानंतर डुलकी काढून गेले. ती कधी बोलली नाही. ही बसायला केली होती. कुस्ती खेळायला केली असती तर सांधा वेगळा घातला असता.”

ठोकरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. मीही उघडलं, महिनाभराचं सगळं साचलेलं होतं आणि त्यातलं आधी काय बाहेर काढावं तेवढंच ठरत नव्हतं. पण आम्हा दोघांच्या आधी तिसरा आवाज आला. बारीक नव्हता.

“मागे... फिर.”

ठोकराव ताईपेक्षा बरेच धाकटे आहेत. लहानपणी ते ताई शिकवायची त्याच शाळेत होते आणि मैदानावर ताईच्याच शिट्टीखाली वाढले. त्यांचे पाय त्यांना न विचारता वळले. ते भिंतीकडे तोंड करून, टाचा जुळवून उभे राहिले. खरं सांगायचं तर वळायला मीही लागलो होतो.

“आता तिथेच,” बायको म्हणाली. मग दुकानवाल्या बाईंना तिने विचारलं की सांधा उघडून, गोंद भरून, आवळून ठेवता येईल का. येईल, म्हणाल्या, दोन दिवस दाबून ठेवावी लागेल, आणि कुणी हलवता कामा नये. शेवटचे शब्द त्यांनी भिंतीकडे बघून म्हटले.

“ताई, मी तुझ्या भल्यासाठीच,” भिंतीकडून आवाज आला.

“ठाऊक आहे रे.” तिचा आवाज मऊ झाला होता, पण तिने त्याला वळायला सांगितलं नाही. “तू खुर्ची बघत होतास. मला कधी बघितलंस? मी तिच्यातून उठले होते. पहिल्याच दिवशी.”

मी पैसे देऊन होईपर्यंत ठोकराव तसेच उभे होते, आणि समोरच्या भिंतीतल्या बारीक भेगेवरून, हळूच, बोट फिरवत होते.

खुर्ची ठरल्याप्रमाणे आली. ती खिडकीशी ठेवली आहे. त्या सांध्यापाशी गोंदाची एक पिवळट रेघ दिसते. बायको दिवसातून कितीदा तरी उठते. कधीकधी कारण नसताना, नुसती उठून माझ्याकडे बघते आणि परत बसते. “अहो, हात” ही हाक बंद झाली. परवा माझ्या हाताला काही काम नव्हतं म्हणून मी उगाच दाराची कडी घासून पुसली.

काल संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मी उठायच्या आत बायको उठली, कुणाचा हात न धरता चालत गेली, दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं, आणि दार न उघडता तशीच माघारी आली. खुर्चीत नीट मागे टेकून बसली आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“तुम्ही उघडा,” ती म्हणाली. “आपला ठोकराव आलाय. तो जाईपर्यंत मी काही उठत नाही. तुम्ही मात्र त्याला सोफ्यात बसवू नका, नाहीतर तोही उठायचा नाही.”