सुधाकररावांनी न दिलेला वन्समोअर

एकाहत्तराव्या वर्षी बायकोवरून जळफळाट होणं ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून सुधाकररावांनी ती कुणाला सांगितली नव्हती. पण कॅनडातल्या मिसिसागाच्या शाळेतल्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, साउंडच्या टेबलाशी बसून ते नुसते जळत होते.

स्टेजवर त्यांची प्रमिला जुन्या हॉलिवूडच्या एका विनोदी संगीतपटातल्या गाण्यावर नाचत होती, आणि तिच्या शेजारी तिरकी टोपी घालून नाचत होता बळवंत. रिटायर्ड डेंटिस्ट, विधुर, आणि मेला अजून सडसडीत! तो सिनेमा सत्तर साली, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, प्रमिलाला दाखवला कुणी? सुधाकररावांनी. सिनेमा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये बर्फात तिच्याबरोबर नाचलं कोण? तेही सुधाकररावच. आणि आता जोडीदार निवडायची वेळ आली तर बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, तुमचे गुडघे!" ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना हे गुडघे कुणाला आठवत नाहीत.

तालमी त्यांच्याच बेसमेंटमध्ये झाल्या. प्लायवूडची फळी त्यांनीच ठोकून दिली. वर स्वयंपाकघरात बसून ते टाचांचे ठोके ऐकत, आणि ठोके थांबले की घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बघायला खाली जात. महिनाभरात तो फिल्टर त्यांनी नऊ वेळा बघितला. स्टेप्स तर अशा पाठ झाल्या की आताही टेबलाखाली पाय आपोआप हलत होते.

गाणं संपलं. बळवंतने शेवटच्या गिरकीत प्रमिलाला अलगद सावरलं, आणि ती हसली. सुधाकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वन्समोअर!" हॉल ओरडला. मंडळात वन्समोअर हमखास मिळतो, बेसूर नाट्यगीतालाही मिळतो. प्रमिला स्टेजच्या कडेपर्यंत आली आणि थेट टेबलाकडे बघू लागली. त्या बळवंतबरोबर अजून नाचायचंय हिला! सुधाकररावांनी लॅपटॉपची वायर उपटली.

"सॉरी, लॅपटॉप हँग झालाय," ते माइकवर म्हणाले. पडदा पडला. त्यांना फार बरं वाटलं.

घाम पुसत बळवंत टेबलाशी आला. "काय केलंस रे हे! वन्समोअरला मी बाजूला होणार होतो. वहिनी तुला हात धरून वर नेणार होत्या. म्हणाल्या, अख्खं गाणं ह्यांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही, एक कडवं झेपेल. त्या एका कडव्यासाठी तर एवढा खटाटोप केला त्यांनी."

सुधाकररावांनी वायर खोचली आणि गुडघ्यांची पर्वा न करता ते विंगेत धावले. प्रमिला खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"प्रमिला, चालू झाला बघ लॅपटॉप. अजूनही वेळ आहे, चल."

तिने मान वर केली नाही.

"तो हँग झालाच नव्हता," ती म्हणाली. "मी तुमच्याकडेच बघत होते."