वाढता पाय

मिस्त्रीनं मापाची पट्टी तिच्या धडधाकट पायाला गुडघ्यापासून टाचेपर्यंत लावली, मग खोट्या पायाला लावली, आणि आकडा कुठेही न लिहिता पट्टी गुंडाळून खिशात टाकली.

“लिहून नाही घेतलंत, काका?”

“राहतं लक्षात.”

एवढं बोलून तो साच्यांच्या फळीकडे वळला आणि काही काम नसताना तिथले साचे इकडचे तिकडे करू लागला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात मुलगी अगदी लहान असल्यापासून येत होती. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. दर वर्षी ती वाढायची आणि पाय होता तेवढाच राहायचा, म्हणून दर वर्षी नवा पाय. फरशीवर तो वाजायचा, त्यामुळे इथं सगळे तिला टकटक म्हणत, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. यंदा ती कॉलेजात जाऊ लागली होती आणि बघता बघता ताडमाड वाढली होती. जुना पाय इतका आखूड पडला होता, की जिना चढताना कंबर एका अंगाला ओढली जाई, आणि उरलेला पाय ज्या वाटीत बसतो तिच्या कडेनं कातडी सोलवटून निघाली होती. आजच्या मापाची ती कितीतरी दिवस वाट बघत होती.

मिस्त्रीला सकाळीच निरोप मिळाला होता: यंदापासून वाढत्या मुलांचे पाय बंद. कारखान्याच्या व्यवस्थापकबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी मुलीला हे सांगायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. त्यानं मान डोलावली होती आणि तेव्हापासून तो मूग गिळून बसला होता. माप घेतलं तेही निव्वळ भित्रेपणानं. हात कशात तरी गुंतले की तोंड उघडावं लागत नाही.

“कसलं पुस्तक ते?” त्यानं वेळ काढायला विचारलं.

“अर्थशास्त्र. उद्या चाचणी आहे. तुम्हाला समजावून सांगू? दुसऱ्याला सांगितलं की माझ्या डोक्यात पक्कं बसतं.”

“सांग की.”

ती उठली, भट्टीशेजारच्या फळ्यापाशी गेली आणि खडूनं एक आडवी, एक उभी रेघ ओढली.

“समजा, एका देशात दोनच वस्तू तयार होतात. पुस्तकात गहू आणि यंत्रं दिलीत. आपण तुमचा कारखाना घेऊ. आडव्या रेघेवर मोठ्या माणसांचे पाय, उभ्या रेघेवर लहान मुलांचे. भट्टी एकच, हात तेवढेच. सगळा जोर मोठ्यांच्या पायांवर लावला तर आपण या टोकाला. सगळा लहानांवर लावला तर त्या टोकाला.” दोन्ही टोकं जोडत तिनं बाहेरच्या बाजूला फुगलेली रेघ काढली. “हा उत्पादन शक्यता वक्र. याच्या बाहेर जाता येत नाही. आत राहिलात तर ताकद फुकट चालली. आणि रेघेवर कुठंही असा, एक वाढवायचं तर दुसरं सोडायलाच लागतं. जे सोडलं, तो संधी खर्च. कळलं? आता सांगा, लहान मुलाचा एक पाय होतो तेवढ्यात मोठ्यांचे किती होतात?”

“तीन तरी होतात.”

“इतके?”

“मोठ्या माणसाचा एकदा साचा काढला की काम झालं. वर्षानुवर्षं बघायला लागत नाही. पोरांना वाढीला जागा ठेवा, बसवून बघा, काढा, परत घासा. आणि वर्ष सरलं की स्वारी पुन्हा दारात.”

“म्हणजे माझ्या एका पायाचा संधी खर्च तीन माणसं!” तिला भलताच आनंद झाला. पुस्तकातल्या गव्हाला असली चव नव्हती. “बापरे, मी फारच महागाची आहे हो, काका.”

ती खळखळून हसली. मिस्त्रीही हसला, न हसून सुटका नव्हती म्हणून.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ही मुलगी त्यांची लाडकी होती. तिच्या प्रत्येक निकालाची त्या आपणहून चौकशी करत. फळा दिसताच त्या थांबल्या, चष्मा सारखा करून त्यांनी सगळं वाचलं.

“हे तू काढलंस? अगं, हेच लिहायला मी अहवालात पानंच्या पानं भरली. बरं, मग सांग बघू, या रेघेवर आपण कुठं उभं राहायचं?”

परीक्षेतला प्रश्न असावा तशी ती ताठ झाली. “ते वक्र सांगत नाही, मॅडम. तो फक्त किंमत दाखवतो. कुठला बिंदू घ्यायचा ते माणसांनी ठरवायचं.”

“शाबास. आणि ठरवताना काय बघायचं?”

“एकाला दिलं तर किती जणांचं जातं ते.”

“अगदी बरोबर!” मॅडम मिस्त्रीकडे वळल्या. “पाहिलंत? पोरीला कळतं. तुम्ही सकाळपासून उगाच तोंड पाडून बसलात.” मग त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. “यंदापासून वाढत्या मुलांचे पाय आपण थांबवलेत, बाळा. तुझी वाढ पुरी झाली की ये, पहिला नंबर तुझा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, त्यातलंच हे.”

 आपण काय बोललो हे मॅडमच्या लक्षातही आलं नव्हतं.

“वाढ कधी पुरी होते?” मुलीनं विचारलं.

“दोन वर्षं, तीन वर्षं. तू तर चांगली उंच होणार आहेस.” हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. जाता जाता दारातून म्हणाल्या, “आणि मिस्त्री, फळा पुसू नका हं. वरचे साहेब येणार आहेत, त्यांना दाखवू.”

मुलगी खडू हातात धरून तशीच उभी राहिली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग माप कशाला घेतलंत?”

 मिस्त्रीनं खणातून रबराचा एक जाड तुकडा काढला. “जुन्या पायाखाली हा चिकटवून देतो. तेवढीच उंची मिळेल.”

“नको.”

तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. मॅडम तिला एक शब्दही खोटा बोलल्या नव्हत्या. सगळे शब्द तिचेच होते. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता तिनं, आणि वर शाबासकी मिळवली होती.

“माझ्या जागी कुणाला मिळाला?”

मिस्त्रीनं नुसती हनुवटी उचलली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कमरेएवढ्या दोन लोखंडी दांड्यांच्या मधे, एक हमाल उभा होता. गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून त्याचा पाय गेला होता, आणि नवा पाय आजच चढवला होता. दोन्ही मुठींत दांड्या घट्ट आवळून तो घामानं निथळत होता. इकडचं बोलणं त्याच्या कानावर गेलं नव्हतं.

“ए पोरी!” ती बघतेय हे दिसताच त्यानं हाक मारली. “तू तर टकाटक चालतेस गं. मला सांग ना जरा युक्ती. हा मिस्त्री नुसता ‘चाला, चाला’ करतो. मुकादम म्हणालाय, लवकर उभा राहिलास तर जागा तुझी, नाहीतर दुसरा बघतो. आणि बायकोला सांगून आलोय, आज स्वतःच्या पायानं घरात येतो म्हणून.”

ती त्याच्यापाशी गेली. खोट्या पायावर उभं राहणाऱ्याला इथं सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवतात: नजर समोरच्या भिंतीवर. पायाकडे पाहिलं की तोल गेलाच म्हणून समजा. ती लहान असताना मिस्त्रीनंच तिच्या हनुवटीखाली बोट धरून हे तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

“खाली बघा, काका,” ती म्हणाली. “पायाकडे. नजर अजिबात काढायची नाही त्याच्यावरून. आणि दांड्या सोडून द्या. धरून धरून कुणी शिकत नसतं.”

मिस्त्रीनं चमकून मान वर केली. तोंड उघडलं. मुलगी वळून त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तोंड मिटलं आणि हातातला रबराचा तुकडा चाकूनं कापायला घेतला.

“बघा, पोरीनं कसं लगेच सांगितलं,” हमाल म्हणाला. “देव तुझं भलं करो.” त्यानं मान खाली घातली, आणि आधी एक हात सोडला, मग दुसरा.