मागच्या सीटचं वजन

आमची स्कूटर दोघांना घेऊन चढ चढत नव्हती. माझी तक्रार एवढीच होती, मनात वाईट काही नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. डावी आणि उजवी काच एकमेकींशी तंतोतंत जुळली नाही तर गिऱ्हाईक चक्कर येऊन पडतं, त्यामुळे दोन गोष्टी सारख्या करण्याचा मला रोगच जडलेला आहे. बशीतली दोन बिस्किटं लहानमोठी निघाली तर मी आधी मोठ्याची कड कुरतडून घेतो, असं बायको चारचौघांत सांगते. खोटं नाही ते.

बायको इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला आहे. फाटलेल्या चादरी, रुग्णांचे झगे, पडदे, सगळं तिच्या मशीनखालून जातं. इस्पितळ टेकडीवर आहे. खाली पाण्याची टाकी, वर इस्पितळाचं फाटक, आणि मधे सरळसोट चढ. मी एकटा असलो तर स्कूटर टाकीपासून फाटकापर्यंत एक्केचाळीस सेकंदांत जायची. दोघं असलो की अर्ध्यावर तिच्या नाकी नऊ यायचे. इंजिन घरघरायचं आणि सायकलवाले मागे वळून आमच्याकडे बघत पुढे निघून जायचे. मग बायको माझ्या खांद्यावर टकटक करायची, उतरायची आणि चालायला लागायची. तिचा डावा गुडघा कामातून गेलेला आहे. मी मात्र पुढे जाऊन फाटकाशी साहेबासारखा उभा, आणि ही लंगडत वर येतेय, हा देखावा वॉचमन रोज बघायचा. ती पोचली की स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवायचा. त्याचं ते स्टूल माझ्या डोक्यात जायला लागलं होतं.

"राहू दे हो, तेवढाच व्यायाम होतो," बायको म्हणायची. दात आवळून म्हणायची.

म्हणून मी रविवारी जिन्याखाली स्कूटर खोलली. नवी घेणं परवडणारं नव्हतं आणि मेकॅनिकच्या हातात दिली की तो ढुंकूनही न बघता "जुनी झाली" म्हणतो. माझे वडील शेजारी खोक्यावर बसून होते. ते आमच्याकडेच राहतात, आयुष्यभर फिटर होते, आणि आता मदत करायची नाही, फक्त चुका काढायच्या, असं त्यांनी ठरवलेलं आहे.

या गाडीला गिअर नसतात. इंजिनाच्या बाजूला एका डबीत सहा गोल रोलर असतात. चाक जोरात फिरलं की ते बाहेर सरकतात, पट्टा ढकलतात आणि गाडी वेग घेते. रोलर हलके असले की इंजिन जास्त वेळ जोरात फिरत राहतं, चढाला तेच लागतं. विकतचे हलके रोलर आणण्यापेक्षा होते तेच मी दुकानात नेले, जेवणाच्या सुट्टीत आतून थोडे थोडे कोरले आणि काचांच्या काट्यावर तोलले. सहाही एका वजनाचे केले, केसभरही फरक ठेवला नाही. डब्याच्या झाकणातून एक पातळ चकती कापून आत बसवली. भंगारातल्या एका मोठ्या स्कूटरची कडक स्प्रिंग क्लचमागे घातली. हवेची जाळी धुतली, कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, एक नंबर मोठा टाकला. मधला स्टँड आणि मागचं मडगार्ड काढून ठेवलं, कारण ते उगाच ओझं.

एका पुठ्ठ्यावर मी दोन रकाने आखले. एकटा, आणि दोघं.

"हे काय?" वडील म्हणाले.

"वेळ लिहिणार. दोन्हीकडे एकच आकडा आला पाहिजे. मागे कुणी बसलंय हे गाडीला कळताच कामा नये."

हे बोलताना माझा हात मागच्या सीटवर होता, हे मला चांगलं आठवतं.

"मग सूनबाईला विचार, तिला चालेल का," वडील म्हणाले आणि स्वतःच हसले.

पहिल्या दिवशी एकटा अडतीस सेकंद, दोघं अठ्ठावन्न. अठ्ठावन्न! बायको न उतरता थेट फाटकाशी पोचली आणि तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. त्या धपाट्यासाठी मी आणखी दहा रोलर कोरले असते. मग मी खनपटीलाच बसलो. रोलर पुन्हा उतरवले, पुन्हा कोरले. दोघं एकोणपन्नास. दोघं चव्वेचाळीस. आणि एका मंगळवारी, दोघं अडतीस.

मी फाटकाशी घड्याळ नाचवत होतो. वॉचमन हसून माझ्याकडे बघत होता.

"आज ताई नाही आल्या?" त्यानं विचारलं.

बायको माझ्या शेजारी केस सारखे करत उभी होती. "यांना एक चष्मा करून द्या हो," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या जाण्याकडे वॉचमननं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, मस्करी करतोय.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. चढाच्या आधी गतिरोधक आहे. दोघं असलो की तिथं मागची स्प्रिंग दबून ठक्कन आवाज यायचा. वर्षानुवर्षं येत होता. आता येत नव्हता. आरशात बघितलं तर बायको मागे बसलेली होती, तिचा हात माझ्या खांद्यावर होता. हात दिसत होता. खांद्याला लागत नव्हता.

मी कानाडोळा केला. कारण ती खूश होती. "गुडघा अजिबात दुखत नाही हो," ती संध्याकाळी म्हणाली. "दिवसभर कुठं टेकावंसंही वाटत नाही." इतक्या वर्षांनी ती कठडा न धरता जिना चढली. मी कशाला विचारत बसू?

गुरुवारी सकाळी वडिलांनी दोनच कप चहा केला. सकाळचा चहा त्यांच्याकडे असतो आणि साखरेवरून त्यांची नि सुनेची रोज जुंपते. त्या दिवशी त्यांनी एक कप मला दिला, एक स्वतः घेतला आणि पेपर उघडला.

"बाबा, माझा?" बायको म्हणाली.

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं, उठून तो एक आकडा कमी केला आणि पुन्हा वाचायला लागले. बायकोनं माझ्या हातातला कप घेतला, एक घोट प्यायली आणि परत दिला. कपातला चहा होता तेवढाच होता.

शुक्रवारी ती संध्याकाळी टाकीपाशी रडत उभी होती. तिच्या मशीनवर दुसरी बाई बसवली होती. तिची कात्री त्या बाईच्या हातात होती. शिवणखोलीच्या मुकादमबाई, ज्या हिच्याशिवाय सुईत दोरा ओवत नाहीत, त्या हिच्या अंगावरून चादरींचा गठ्ठा घेऊन गेल्या.

"मी ओरडले हो," ती म्हणाली. "त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले मी. दिवसभर मशीनशेजारी उभी होते. एकीनंही मान वर केली नाही."

घरी वजनकाटा आहे, वडिलांच्या डॉक्टरनी घ्यायला लावलेला. बायको त्यावर उभी राहिली. काटा शून्यावर. ती खाली उतरली, पुन्हा चढली, दोन्ही पाय आपटले. काटा शून्यावर. मी तिचा हात धरायला गेलो, आणि तिनं माझा धरला तेव्हाच मला कळलं की तिचा हात मी नुसता बघतोय, तो लागत नाहीये. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. हिचं नखही लोकांना दिसेनासं झालं होतं आणि ते मी केलं होतं, काट्यावर तोलून, केसाचाही फरक न ठेवता.

शनिवारी रजा टाकली. नवे रोलर आणले, कंपनीच्या वजनाचे. चकती काढून फेकली, जुनी स्प्रिंग घातली, जुना जेट, मधला स्टँड, मडगार्ड, सगळं जिथल्या तिथं बसवलं. वडील खोक्यावर येऊन बसले.

"चांगली पळत होती की. कुणासाठी एवढी धडपड?"

"तुमच्या सुनेसाठी."

त्यांनी उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई घरात आहे कुठं? झोप जरा." बायको जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिनं गुडघ्यात तोंड घातलं.

सोमवारी ती मागे बसली. टाकीपासून मी मूठ पिळली आणि गाडीच्या विनवण्या करायला लागलो. घरघर गं, अर्ध्यावर मर, सायकलवाल्यांना पुढं जाऊ दे. गाडी सुळकन वर गेली. अडतीस. फाटकाशी मी आरशात बघितलं. बायको होती, पण तिच्या खांद्यातून मला खालची पाण्याची टाकी दिसत होती.

"आता तुम्हालाही दिसेनाशी होणार मी," ती म्हणाली. माझ्या तोंडावरूनच तिनं ओळखलं असणार.

"मेकॅनिककडे नेतो. इंजिनच उतरवतो. भंगारात घालतो हिला."

"अहो, ऐका जरा! मी चालत यायचे तेव्हा सगळ्यांना दिसत होते की नाही? गुडघा दुखायचा, दम लागायचा, पण दिसत होते. हिच्यावर बसून वर आले आणि संपले. मला खाली सोडा. मी चालत येते."

मला ते पटलं. दुसरं काही हातातही नव्हतं. आम्ही पुन्हा टाकीपाशी गेलो, ती उतरली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "रोजच्यासारखे. मी आलेच."

मी निघालो. गाडी वाऱ्यासारखी निघाली. हँडल हातात हलकं झालं, गतिरोधकावरून मागचं चाक उडालं, मडगार्ड खडखडलं. स्कूटर हातानं ढकलत नेताना ती अशी खडखडते, वर कुणी नसताना. फाटकाशी घड्याळ बघितलं तर एकोणतीस. या गाडीनं एकोणतीस कधी केले नव्हते. पण माझं लक्ष खाली होतं, मला त्या आकड्याचं काही वाटलं नाही.

ती येत होती. पहिली काही पावलं सरळ टाकली, मग डावा पाय लंगडायला लागला. अर्ध्यावर थांबली, कमरेवर हात ठेवून गुडघ्याला शिव्या घातल्या, आणि त्या मला वरपर्यंत ऐकू आल्या. एक सायकलवाला तिला वळसा घालून गेला. वळसा घालून! मी रस्त्यात उभा राहून रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

फाटकाशी ती पोचली तेव्हा घामानं भिजली होती. वॉचमन ताडकन उठला.

"ताई! आठवडाभर कुठं होता? मुकादमबाई रोज विचारतायत." मग तिच्या गुडघ्याकडे बघून म्हणाला, "आणि आज सगळा चढ पायी? साहेब नाही आले सोडायला?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो.

"हे काय, इथंच उभे आहेत की," बायको म्हणाली.

तिनं बोट दाखवलं तिकडे त्यानं बघितलं. बाईमाणसाचं मन राखायला बघतात तसं बघितलं, मान हलवली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली माझी स्कूटर आडवी येतेय म्हणून बाजूला ढकलली. माझ्या हातांमधून ढकलली. हँडल तेव्हा माझ्या मुठीत होतं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तोच चेहरा आठवडाभर माझा झाला असणार.

"खाली चला," ती हळूच म्हणाली. "तुम्हीपण चालत या. माझ्याबरोबर."

"तुझा गुडघा..."

"चला म्हणते ना."

आम्ही टाकीपर्यंत उतरलो आणि पायी वर आलो. तिला लागत होता तसा रस्ता माझ्या पायांना लागत नव्हता. वॉचमननं पुन्हा तिलाच सलाम केला.

स्कूटर मग तिनंच भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकली. घरी वडील तीन कप चहा करतात. एक स्वतःचा, एक तिचा, तिसरा ती हट्टानं माझ्यासाठी करायला लावते. त्यांना वाटतं, मी कुठंतरी निघून गेलो आणि त्यानं हिच्या मनावर काहीतरी परिणाम झालाय, म्हणून ते तिच्याशी जपून बोलतात आणि साखरेवरून भांडत नाहीत. दुकानात माझ्या जागेवर नवा कारागीर आलाय, काचा बऱ्या घासतो.

तो चढ तिला एकदाही चढावा लागू नये म्हणून मी हे सगळं केलं. आता ती कामाआधी तो तीन वेळा चढते, माझ्याबरोबर. मी थांब म्हणतो, ती ऐकत नाही. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झालाय. एकटीच बोलत चालते म्हणून लोक तिला वाट देतात.

काल तिसऱ्या फेरीला, गतिरोधकाच्या जरा पुढं, माझ्या तळव्याला पहिल्यांदाच खडा टोचला. मी तिला सांगितलं. ती तिथंच रस्त्यावर बसून रडायला लागली.