उजवा हातमोजा आणि भिंतीकडचा बचनाग

मी एक जुना चामडी हातमोजा आहे, मित्रांनो, आणि तोही एकटा उजवा. डावा केव्हाच हरवला, शहाणा होता.

स्वीडनमधल्या एका खेड्यात गुनवोरबाईंनी मला घेतलं ते भिंतीकडचा बचनाग हाताळायला. त्याची निळी, टोपीसारखी फुलं येणारे-जाणारे थांबून बघायचे. मुळापासून तुऱ्यापर्यंत विष आहे, हे ठाऊक बाईंना आणि मला. दर वसंतात आपसूक उगवलेली रोपं त्या माझ्या बोटांनी उपटायच्या, मग मला वेगळ्या खिळ्याला टांगायच्या. पाटी मात्र कधी लावली नाही. आपल्याला ठाऊक ते जगाला ठाऊक, असं धरून चालणाऱ्यांपैकी त्या.

खुब्याचं हाड मोडलं आणि बाई वृद्धाश्रमात गेल्या. मुलगा होल्गर घर विकायला आला. घेणाऱ्यांची लेकरं लहान, म्हणून अट होती: विषारी झाडं काढून द्या. होल्गरने चित्रांचा कागद आणला. चित्रं फुलांची, आणि महिना नोव्हेंबर. अंगणात नुसते वाळके दांडे. त्याने मला चढवलं आणि दिसेल ते खणत सुटला.

कुंपणावरून शेजारचे एब्बेकाका डोकावले. "अरे, त्या तुझ्या आईच्या झणझणीत मुळ्या ना? माशावर किसून घ्यायच्या त्या?"

"असतील. घेऊन जा, काका."

"आभार मानत नाही हं. मानले की झाड धरत नाही."

"तुम्ही लावणार कुठे? खाणार आहात."

"सवय, रे. तुझ्या बापाकडून अर्धी बाग आणली, कधी आभार मानले नाहीत."

त्या गावात रोप घेताना बोलणं वाढवत नाहीत. पुडी घ्यायची आणि पाठ फिरवायची. पुडी माझ्याच बोटांनी बांधली. काकांनी कॉड माशावर मुळी किसली. आधी ओठांना मुंग्या, मग जीभ बधिर, मग काळीज उधळलं. अकरा दिवस दवाखान्यात होते. जगले. पण कुंपणाशी पुन्हा उभे राहिले नाहीत.

बाईंनी चाकाच्या खुर्चीतून स्वतःला अंगणात आणवलं. मी भिंतीवर पडलो होतो.

"कुठला वाफा खणलास?"

"हाच, भिंतीकडचा."

"खायची मुळी विहिरीपाशी आहे. चाळीस वर्षं खाल्लीस, कुठून येते ते बघितलं नाहीस."

"पाटी नव्हती, आई."

"ती चूक माझी. पण फोन होता माझ्याकडे."

"तुला त्रास नको म्हणून..."

"म्हणून एब्बेला दिलास."

पुढे घर विकलं गेलं. विहिरीजवळची निरपराध मुळीसुद्धा उपटून सगळीकडे खडी पसरली. गावात आता "गुनवोरचं विष" म्हणतात. होल्गरचं नाव कुणी घेत नाही.

मित्रांनो, अंगणातलं विष ओळखायचं तर झाड पानाफुलावर असतानाच ओळखा, आणि ज्याने लावलं त्याला विचारून घ्या. पाटी लावा. ओळख पटली नाही, तर ती मुळी कुणाच्या हाती देऊ नका.

मला कचऱ्याच्या पिशवीत टाकताना होल्गरने दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलं होतं. जपून वागायला तो त्या दिवशी शिकला.