एकेचाळिसाव्या रांगेतली गादी

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, बसायची. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या आमच्या गावात कॉलेजचे अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या खेळाचे मैदान आहे. तिथल्या थंडगार पत्र्याच्या बाकांवर नोव्हेंबरात तीन तास काढायचे, तर माझ्यासारखी एखादी खाली लागतेच. पण मित्रांनो, मला अगदीच साधी समजू नका. गेल्या मोसमात आमच्या संघाने एकच सामना जिंकला, आणि आमच्या घरातून तो शेवटपर्यंत पाहिला फक्त मी.

मला लुडमिला ड्वोराचेकने शिवले. कॉलेजच्या बँडने जुने कोट टाकून दिले, तेव्हा त्यांचे मरून कापड ती घरी घेऊन आली. तिचा नवरा ऑर्व्हल शाळेची बस चालवायचा. त्या बसच्या मोडीत निघालेल्या सीटचा स्पंज माझ्या पोटात गेला. आमच्या संघाचे नाव करकोचे, म्हणून तिने माझ्यावर पिवळ्या दोऱ्याने करकोचा काढला. त्याची मान जरा आखूड झाली.

“हा करकोचा की बदक?” ऑर्व्हलने विचारले.

“बसणार आहेस ना त्याच्यावर? मग मान कशाला मोजतोस?” लुडमिला म्हणाली.

माझ्याबरोबर माझी एक जुळी बहीणही शिवली गेली. ती लुडमिलाची.

एकतीस वर्षे आम्ही दोघी एकेचाळिसाव्या रांगेत सात आणि आठ नंबरवर बसलो. नऊ नंबरवर ग्लेंडा ह्रुस्का. ती पोस्टातून निवृत्त झालेली, आणि तिचा आवाज न वापरताच साठून राहिलेला. सामन्याआधी गाडीमागे टेबल मांडून तिघांनी राजमा-खिम्याची गरम चिली आणि दालचिनीचे रोल खायचे, मग पायऱ्या चढायच्या. ऑर्व्हल माझ्यावरच्या करकोच्याची चोच मैदानाकडे करी आणि मगच टेकत असे. शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचे नाही, हा त्याचा नेम होता. सुरुवातीला मागच्या रांगेतले लोक माझे कौतुक करत. पुढे बाजारात टेकू असलेल्या खुर्च्या आल्या आणि माझ्याकडे कोणी बघेना. डिसेंबर ते ऑगस्ट मी गॅरेजात गवत कापायच्या यंत्राशेजारी पडून असे. एका वर्षी उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. तरी सप्टेंबर उजाडला की ऑर्व्हल मला झटकायचा, आणि माझे सगळे रुसवे जायचे.

गेला मोसम मात्र सोसवत नव्हता. ओळीने अकरा सामने हरलो. एकदा तर आमच्याच खेळाडूने गोंधळून चेंडू उलट्या दिशेने पळवला. “अरे बाबा, घर तिकडे नाही!” ग्लेंडा ओरडली. सगळी रांग हसली, आणि ऑर्व्हलही हसला. हरण्याची आम्हाला सवय आहे, मित्रांनो.

बारावा आणि शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. दुपारपासून बर्फमिश्रित पाऊस लागला होता. चारपैकी तिसऱ्या डावात आम्ही एकवीस गुणांनी मागे पडलो. ऑर्व्हलने लुडमिलाकडे पाहिले, तर तिची बोटे निळी पडली होती.

“चल, घरी जाऊ,” तो म्हणाला.

“शिट्टीच्या आधी? तू?”

“चल म्हटलं ना.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो लवकर उठला. लुडमिलाने आपली गादी काखेत मारली. तिला सावरण्याच्या नादात ऑर्व्हल मला विसरला. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. तिचा हात त्याच्या हातात होता.

आणि मग आमच्या करकोच्यांनी चेंडू पार पलीकडच्या टोकाला नेऊन एक टचडाउन केला. मग दुसरा. मग तिसरा, आणि बरोबरी झाली. शेवटचे चार सेकंद उरले असताना आमच्या खेळाडूने चेंडूला लाथ मारली, तो दोन खांबांच्या मधून गेला, आणि आम्ही तीन गुणांनी जिंकलो. ऑर्व्हलने हे सगळे गाडीत, रेडिओवर ऐकले.

ग्लेंडा मला तिच्या घरी घेऊन गेली आणि तिने मला हीटरजवळ वाळत ठेवले. चार दिवसांनी ती मला पोचवायला आली, तेव्हा ऑर्व्हलचे तोंड उतरलेले होते. पुढच्या मोसमासाठी जागा राखायचा फॉर्म त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

“माझा पायगुणच वाईट,” तो म्हणाला. “मी होतो तोवर अकरा हरले. मी उठलो आणि जिंकले. पनवती मीच. आता मी तिथे पाऊल टाकणार नाही.”

“तू माझ्यासाठी उठलास,” लुडमिला हळूच म्हणाली.

“म्हणून तर जिंकले ना!”

ग्लेंडाने मला टेबलावर आपटले. “ऐक. तुम्ही गेलात आणि मला ही दिसली. उचलणार, तेवढ्यात पहिला टचडाउन झाला. मग हात लावायची माझी छाती झाली नाही. चालू असलेल्या कामात कोणी ढवळाढवळ करतं का? चोच मैदानाकडे, तू ठेवली होतीस तश्शी. वर बर्फ साचला, तरी मी हलवली नाही.”

ऑर्व्हल माझ्याकडे बघत राहिला. “म्हणजे जागा रिकामी नव्हती?”

“एक मिनिटही नाही.”

त्याने डबा उघडला. फॉर्मला कॉफीचा चोथा लागला होता. लुडमिलाने तो पुसला, ऑर्व्हलने सही केली आणि तसाच डागाळलेला फॉर्म पोस्टात टाकला. त्या दिवशी माझा कुरतडलेला कोपरा शिवला गेला आणि मला गॅरेजाऐवजी दिवाणखान्यात जागा मिळाली.

खरे सांगू, मित्रांनो? मी काहीही केले नव्हते. मी नुसती भिजत बसले होते. पण हे ऑर्व्हलला कळू देऊ नका. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिची उसवलेली शिवण वेळेवर घाला. हरणाऱ्यांजवळही कोणीतरी बसलेले हवे असते. आणि शेजारच्या माणसाचे हात गारठले, तर शिट्टीची वाट बघू नका, खुशाल उठा. जागा मी धरून ठेवते.