चरख्याची दुरुस्ती

मायाप्पाच्या ओसरीतला खड्डा बुजवायला माणसं आली, तेव्हा मायाप्पा खड्ड्यातच बसलेला होता.

"मामा, जरा वर येता का?" मृत्युंजय म्हणाला.

"कशापायी?"

"भर टाकायची हाय."

"माज्यावर?"

"तुमी वर आला की मग खड्ड्यात."

मृत्युंजय हा योजनेचं गावातलं काम बघणारा माणूस. अक्कलकोटकडचा, गळ्यात ओळखपत्र, बुडाखाली मोटरसायकल, भेटेल त्याला मामा नाहीतर काकी. त्याच्यामागं मुरमाची घमेली घेऊन दोघं उभे होते. आमच्या सांगोल्याकडचं चैतातलं ऊन असं, की दुपारी कुणाला भांडायचीही हौस राहत नाही. मायाप्पा धोतर झटकत वर आला.

"बापानं खनलाय त्यो," तो म्हणाला. "त्याच्या पायाच्या मापानं."

"तितंच तर घोडं अडलंय की मामा. काकींचं पाय पोचंनात."

"मग पाय लांब करा तिचं."

गोजाबाई, म्हणजे मायाप्पाची बायको, भिंतीशी बसून सूत कातत होती. मान वर न करता ती म्हणाली, "योजनेत बसत असंल तर तेबी करतील."

हा खड्डा घोंगडीच्या मागाचा. विणणारा काठावर बसतो, पाय खाली सोडतो, तळातल्या पावड्या पायानं दाबतो आणि वर धोटा फेकतो. मायाप्पाचे पाय बापावर गेले होते, म्हणून त्याचं काही अडलं नाही. गोजाबाईचे पाय तिच्या आईवर गेले होते.

योजना साधी होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाच्या सरकारनं आपल्या सरकारला मदतीचा हात दिला, आणि दोघांनी मिळून शोधून काढलं, की आमच्याकडं माग पुरुषांच्या ताब्यात आहे. ते खोटं नव्हतं. बाया लोकर पिंजायच्या, सूत कातायच्या, चिंचोके शिजवून खळ करायच्या, आणि मग पुरुष घोंगडी विणून 'मी विणली' म्हणायचे. तेव्हा ठरलं, की बाईनं मागावर बसायचं. चरख्यावर कुणी बसायचं, याबद्दल दोन्ही सरकारं काही बोलली नव्हती.

मुरूम पडला, धुम्मस झाली, पावड्या वर आल्या. मायाप्पानं एकदा बसून पाहिलं. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. तो उठला, टोपी सारखी केली आणि बिरोबाच्या पारावर जाऊन बसला. तेव्हापासून तो रोज तिथंच असायचा. त्याची चूक होती असंही नाही. त्याचा माग गेला होता आणि मेंढरं भावाबरोबर चरायला लांब गेली होती. दुसरं काम त्याला कुणी सुचवलं नाही, आणि घरातलं काम त्याला दिसत नव्हतं.

गोजाबाई हातानं हुशार. पंधरवड्यात ती विणायला लागली. अडचण एवढीच, की सूतही तीच कातत होती. आधी ती कातायची आणि तो विणायचा. आता ती कातायची, मग उठून विणायची, सूत संपलं की परत चरख्यावर. मधल्या वेळात पाणी, भाकरी, शेरडं, आणि सासू बजाबाई. मी शेजारचाच. माझ्या बायकोनं एकदा तिला विचारलं, "गोजाबाई, हात दुखतो का गं?"

"दुखत न्हाय," ती म्हणाली. "दुखायचा कवाच ऱ्हायला. आता हात हाय का न्हाय ते बघावं लागतंय."

महिन्यातून एकदा सोलापूरहून प्रियदर्शनी मॅडम यायच्या. योजनेच्या जिल्ह्याच्या त्याच प्रमुख. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनाही वरून कुणीतरी विचारत असायचं. शाळेच्या वऱ्हांड्यात बायांना गोल बसवून त्या म्हणाल्या, "गोजाबाई, मागावर बसल्यापासून काय बदल जाणवतो?"

"हात जाणवंना."

"तसं नाही. मनात काय बदल झाला?"

गोजाबाईनं खरोखर विचार केला. मग म्हणाली, "सूत कातायला मानूस द्या."

"ताई, कातणं आपल्या योजनेत येत नाही. ते तुम्ही आधीपासून करताच ना?"

"व्हय."

"मग तो बदल होत नाही."

"आन हेनी कातलं तर?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पाराकडून कुणीतरी खाकरलं. आमच्याकडं बाप्या चरख्याला हात लावत नाही. का, ते कुणाला माहीत नाही. पण मिशी उतरून ठेवल्यासारखं वाटतं म्हणे.

"तो बदल होईल," मॅडम म्हणाल्या. "पण आपले निकष महिलांच्या प्रगतीचे आहेत. पुरुषांची प्रगती यात कुठं दाखवायची?" त्यांनी हे चेष्टेनं विचारलं नव्हतं. जाता जाता त्यांनी सांगितलं, की पुढच्या महिन्यात त्या थंड देशातून एक पाहुण्या बाई येणार आहेत, आणि त्यांना चालू माग दाखवायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाईनं चरखा उचलला आणि नवऱ्याच्या अंथरुणाशी नेऊन ठेवला.

"ह्ये काय?" मायाप्पा म्हणाला.

"चरका."

"दिसतंय मला. हितं कशाला?"

"मला एकच काम हुतंय. काता, न्हायतर ऱ्हाऊ द्या."

एवढं बोलून ती मागावर जाऊन बसली. होतं तेवढं सूत दुपारपर्यंत संपलं. त्यानंतर ती तशीच बसून राहिली, पाय खड्ड्यात सोडून, हात मांडीवर ठेवून. रागावलेली दिसली नाही. बंद पडलेल्या दुकानात दुकानदार बसतो, तशी दिसली. वेळ झाली की उठायची, भाकरी टाकायची, सगळ्यांना वाढायची, आणि परत रिकाम्या मागावर येऊन बसायची.

बजाबाईला ते बघवेना. "माज्या धन्यानं जलमात चरक्याला हात लावला न्हाय," ती म्हणाली.

"म्हनून तर आत्याबाई, तुमची बोटं अशी हायेत."

बजाबाईनं स्वतःची बोटं उन्हात धरून पाहिली. ती वाकून तळहाताला लागली होती. त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही.

मृत्युंजय दिवसाआड चकरा मारायला लागला. "काकी, पावने तोंडावर आले की. मी सोलापुरातनं गिरनीचं सूत आनून देतो."

"बाई थंड मुलकातली हाय म्हनं. लोकर वळखंल ती."

"मग मी काय करू? माजी नोकरी हाय ह्याच्यावर."

"तू कात."

"मला न्हाय येत काकी."

"त्यांनाबी येत न्हाय. कुनालाच येत न्हाय. मग ऱ्हाऊ द्या."

मृत्युंजय तिथून पारावर गेला. तो मायाप्पाशी काय बोलला ते कुणाला कळलं नाही. पण त्या दिवसापासून मायाप्पा पारावर दिसेना, आणि त्याच्या शेरडांच्या छपरातून चरख्याची घरघर यायला लागली. दार आतून लावलेलं असायचं. मधेच सूत तुटायचं, घरघर थांबायची, एक शिवी ऐकू यायची आणि घरघर पुन्हा सुरू. संध्याकाळी गोजाबाईच्या मागाशेजारी सुताचा गुंडा आणून ठेवलेला असायचा. कुणी ठेवला ते ती विचारायची नाही. सूत कुठं दोरखंडासारखं, कुठं केसासारखं, आणि वितीवितीला गाठ. ती ते तसंच विणायची. गावानं घरघर ऐकली आणि न ऐकल्यासारखी केली. आमच्या गावाला ते चांगलं जमतं.

पाहुणी आली त्या दिवशी वावटळ सुटली होती. सगळ्यांच्या डोळ्यांत माती, त्यामुळं सगळेच भारावल्यासारखे दिसत होते. मला इंग्रजी कळतं म्हणून बोलावलं होतं; काम मात्र चहाचे कप फिरवायचं होतं. मृत्युंजयनं मायाप्पाला सकाळीच सांगितलं होतं, "मामा, तुमी आज छपरातच ऱ्हावा. फोटोत मधी येऊ नगा."

पाहुणी उंच, लालबुंद झालेली, पन्नाशीची बाई होती. तिनं खुर्ची घेतली नाही. मागाशेजारी मांडी घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा पाय पसरून बसली. विणलेल्या घोंगडीवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबली. मग इंग्रजीत म्हणाली, "इथपर्यंत एक हात आहे. इथून पुढं दुसरा. हा नवशिका आहे. कुणी कातलं?"

मृत्युंजयनं प्रश्न मराठीत नीट सांगितला. गोजाबाईनं हनुवटीनं छपराकडं दाखवलं. "तितं बसल्यात की."

मृत्युंजय इंग्रजीत म्हणाला, "कुटुंबाचा पाठिंबा आहे, असं म्हणतायत."

पाहुणीनं मान डोलावली. पण तिचे कान घरघरीकडं होते. ती उठली आणि सरळ चालत गेली. मागं प्रियदर्शनी मॅडम, मागं मृत्युंजय, मागं कप घेऊन मी, आणि आमच्या मागं अख्खा पार, चन्नप्पा सगळ्यात पुढं. हा चन्नप्पा मायाप्पाचा चुलतभाऊ. गावात कुणाला काय शोभतं ते तोच ठरवतो. त्या दिवशी दाराची कडी लावायची राहिली होती. पाहुणीनं दार ढकललं.

मायाप्पा दोन शेरडांच्या मधे बसला होता. मिशीत लोकर, मांडीवर पिंजलेल्या लोकरीचा पेळू, बोटांत सूत. त्यानं आमच्याकडं पाहिलं. चरखा स्वतःच्या तंद्रीत अजून दोन फेरे फिरला आणि थांबला. एक शेरडू खाकरलं.

"दुरुस्त करतायत," मृत्युंजय इंग्रजीत म्हणाला. "बायकोचा चरखा." आणि मराठीत, "दुरुस्तीच ना मामा?"

मायाप्पानं दारातल्या गर्दीवर नजर फिरवली. चन्नप्पापाशी ती थांबली.

"व्हय," तो म्हणाला. "दुरुस्ती."

गर्दीनं श्वास सोडला. दुरुस्ती हे बाप्याचं काम. त्यात कुणाला काही म्हणायचं नव्हतं. पाहुणीनं चरख्याच्या चातीवर गुंडाळलेलं सूत पाहिलं, मायाप्पाची बोटं पाहिली, आणि मॅडमना म्हणाली, "त्यांना सांगा, दुरुस्ती चांगली चालली आहे. थांबवू नका." मॅडमनी ते सांगितलं नाही. जेवण निवत होतं. त्याआधी ओसरीत फोटो काढला: मागावर गोजाबाई, शेजारी पाहुणी. मागून मायाप्पा बघायला आला, तर मृत्युंजयनं त्याला दंडाला धरून चौकटीबाहेर केलं.

गाड्या गेल्या. धूळ खाली बसली. मी कप गोळा करत होतो, म्हणून पुढचं ऐकलं.

"झाला का चरका दुरुस्त?" गोजाबाईनं विचारलं.

मायाप्पा दाराच्या चौकटीला टेकून बिडी ओढत होता. "झाला की."

"न्हाय झाला. गाठी येत्यात सुताला."

त्यानं एक झुरका घेतला.

"उद्याबी बसा दुरुस्तीला."

"किती दिस?"

"तुमच्या आईनं काय दिस मोजलं व्हतं का?"

त्यानं बिडी विझवली. मग म्हणाला, "छपरात लई उकडतंय."

"मग ओसरीत बसा. दुरुस्तीला कुनाची चोरी हाय व्हय?"

पावसाळा सरता सरता थंड देशात सरकार बदललं आणि योजना आटोपली. मृत्युंजय आता ठिबक सिंचनात आहे. मॅडमची बदली झाली. खड्डा तेवढाच उथळ आहे, गोजाबाईच्या पायाच्या मापाचा. तिच्या हाताला काही जाणवत नाही ते नाहीच; सांगोल्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या तिनं खाल्ल्या. ती विणते. समोरच्या भिंतीशी मायाप्पा चरखा घेऊन बसतो. जाणारा-येणारा विचारतो, "काय चाललंय मायाप्पा?"

"दुरुस्ती."

"अजून?"

"जुना हाय चरका."

लोकांना ते पटतं. गेल्या आठवड्यात चन्नप्पाच्या घरचाही चरखा बिघडल्याचं ऐकलं.